गोष्टीच्या तासाचा सूड

शनिवार, ३ मे

आज वाचनालयाने मला काढलं. काढलं हा शब्द बालविभागाच्या ताईंनी वापरला नाही. त्या म्हणाल्या, आजोबा, सुट्टीत जरा वेगळा उपक्रम करतोय, तुम्ही आराम करा. आराम! दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना गोष्ट सांगतो, त्याचा मला काय शीण होतो? मुलांना होत असेल तर तो त्यांचा प्रश्न.

माझ्या जागी कुत्रा ठेवला आहे.

पुन्हा लिहितो, नाहीतर पुढे मलाच खोटं वाटायचं. माझ्या जागी कुत्रा ठेवला आहे. तो गोष्ट सांगत नाही. मुलं त्याला पुस्तक वाचून दाखवतात आणि तो ऐकतो. ऐकतो म्हणजे सतरंजीवर आडवा पडतो. कुत्रा चुका काढत नाही, त्यामुळे मुलं न घाबरता वाचतात म्हणे. शेजारी चष्म्याचं दुकान आहे, त्या दुकानवाल्या बाईंचा हा कुत्रा. जाडा, तपकिरी, चेहरा हेडक्लार्कचा. नाव साहेब. त्यामुळे सगळे त्याला अहो-जाहो करतात. साहेब आले, साहेब बसले, साहेबांना पाणी ठेवा. आणि मला, आजोबा, जरा सरका.

मी बसस्टँडवर अनाउन्सर होतो. माझ्या आवाजावर गाड्या सुटायच्या. प्रत्येक वाक्य दोनदा आणि सावकाश, म्हणजे बाकावर झोपलेल्या प्रवाशाचीही गाडी चुकू नये. गोष्ट सांगतानाही मी ती शिस्त सोडली नाही. मग स्टँडवर मशीन बसवलं आणि मला घरी पाठवलं. तेव्हा गप्प बसलो. मशीनशी काय भांडणार? कुत्र्याशी भांडता येतं.

निश्चय: सूड घेणार. सूड घेणार.

रविवार, ४ मे

सकाळी चहाच्या वेळी घरात जाहीर केलं की आजपासून आपल्या घरातलं कोणीही त्या वाचनालयाची पायरी चढणार नाही. मुलगा पेपर वाचत होता, तो वाचतच राहिला. सूनबाईंनी विचारलं, बाबा, अजून अर्धा कप देऊ का? फक्त टिचकीने, म्हणजे माझ्या नातीने, दखल घेतली. म्हणाली, मग साहेबांना कोण वाचून दाखवणार? माझं नाव दिलंय ना!

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

टिचकीचं वाचन हा आमच्या घरातला नाजूक विषय आहे. तिसरीत गेली तरी अडखळते. शाळेतल्या बाईंनी रोज मोठ्याने वाचून घ्या असं सांगितलंय. ते काम मी घेतलं होतं. ती एक शब्द वाचायची, मी सुधारायचो, एकदा नाही, दोनदा. पंधरा दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. आमची ही, म्हणजे टिचकीची आजी, म्हणाली, पोटात नाही, समोरच्या खुर्चीत आहे. मी दुर्लक्ष केलं. तेव्हापासून टिचकी माझ्यासमोर पुस्तक उघडत नाही.

आणि त्या कुत्र्याला वाचून दाखवणार! सख्खा आजोबा घरात असताना!

मंगळवार, ६ मे

प्लॅन एक: कुत्र्याची बदनामी. भर वाचनात तो उठून बिस्किटाच्या मागे गेला की सगळ्यांना कळेल, साहेबांना साहित्याची कितपत गोडी आहे ते.

उपक्रम सुट्टीभर रोज चालतो. (माझा तास आठवड्यातून एकदा होता. हेही लक्षात ठेवलं आहे.) खिशात बिस्किटाचा पुडा घेऊन गेलो. नकाशांच्या कपाटाआड उभा राहिलो. एक मुलगी हत्तीची गोष्ट वाचत होती. मी हळूच पुडा फोडला.

कुत्रा उठला, आला, पुडा कागदासकट खाल्ला, परत जाऊन त्याच जागी पडला. मुलगी तोवर थांबली होती. तो पडल्यावर तिने पुढचं वाक्य वाचलं. मुलं म्हणाली, साहेबांना आजोबा आवडले. ताईंनी त्यांच्या टॅबवर माझा आणि कुत्र्याचा फोटो काढला. (या ताई टॅबशिवाय दिसत नाहीत. यापुढे त्यांना टॅबताई म्हणणार.) तो फोटो आता वाचनालयाच्या अ‍ॅपवर आहे. खाली लिहिलंय, साहेब आणि त्यांचे मित्र.

सूनबाईंनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. व्याह्यांनी अंगठा पाठवला.

शनिवार, १० मे

प्लॅन दोन: आरोग्य. बालविभागात शिरताच शिंकायला सुरुवात केली. कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी आहे, असं मोठ्याने सांगितलं. ज्येष्ठ नागरिकाला त्रास होतोय म्हटल्यावर कुत्रा बाहेर जाणार, हे उघड होतं.

मला बाहेर नेलं. टॅबताईंनी कोमट पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, आणि म्हणाल्या की, तुम्ही आता इथे येऊच नका, आजोबा. तब्येत महत्त्वाची. आपलं अ‍ॅप आहे ना, गोष्टपेटी! त्यात पुस्तकं आहेत, मुलांना ऐकायला गोष्टी आहेत. तुम्हाला हवं तर घरूनच गोष्टी रेकॉर्ड करून पाठवा, ज्येष्ठांच्या आवाजाचा विभाग सुरू करतोय, अजून एकही गोष्ट आलेली नाही.

घरी येताना लक्षात आलं की शत्रूने स्वतःच्या हाताने किल्ली दिली आहे. सतरंजीवर मुलं बसणार किती? दहा-बारा. अ‍ॅपवर? अमर्याद! एकदा माझा आवाज घराघरांत गेला की कुत्र्यापुढे वाचायला येतो कोण? साहेब रिकाम्या सतरंजीवर जांभया देत बसतील.

टॅबताईंना माझी दया आली असावी असं ही म्हणते. हिला राजकारण कळत नाही.

सोमवार, १२ मे

रेकॉर्डिंग सुरू. जागा: गाद्यांचं कपाट. आवाज घुमत नाही. अडचण अशी की दार लावलं की मी घुसमटतो आणि दार उघडं ठेवलं की कुकरची शिट्टी गोष्टीत येते. शिट्टी ठेवली. जंगलात काहीतरी ओरडतंच.

गोष्ट माझी स्वतःची. एका जंगलात एक विद्वान हत्ती असतो. तो सगळ्या प्राण्यांना गोष्टी सांगत असतो. मग एक जाडा, तपकिरी, आळशी कुत्रा येतो आणि त्याची जागा बळकावतो. शेवटी तो कुत्रा विहिरीत पडतो. प्रत्येक वाक्य दोनदा घेतलं. त्यामुळे तो विहिरीतही दोनदा पडला. फार समाधान वाटलं.

ही फोन धरून उभी होती. विचारत होती, कुत्र्याने नक्की काय केलं हो तुमचं?

शुक्रवार, १६ मे

आतापर्यंत पाच गोष्टी पाठवल्या. दुसरीत कुत्रा शेपटी दारात अडकून अद्दल घडवून घेतो. तिसरीत त्याला चोर समजून पकडतात. चौथीत त्याच्या तोंडात मध समजून डिंक जातो. पाचवीत पुन्हा विहीर, कारण मला विहीर आवडते.

अ‍ॅपवर प्रत्येक गोष्टीखाली ती कितीदा ऐकली गेली ते दिसतं. पहिल्या गोष्टीखाली तीन. एकदा मी ऐकली, एकदा हिला ऐकवली, एकदा पुन्हा मी ऐकली. सुरुवात संथच असते. गाडीसुद्धा आधी पहिल्या गिअरमध्येच टाकावी लागते.

टिचकीला म्हटलं, ऐक ना एखादी. ती म्हणाली की, नंतर ऐकते, आत्ता साहेबांसाठी पुस्तक निवडतेय, त्यांना लांब नावांची माणसं असलेली गोष्ट आवडत नाही. तिला वाचता येत नाहीत म्हणून त्याला आवडत नाहीत! अशाने पोर कशी सुधारायची? मी असतो तर ती नावं आधी घोकून घेतली असती.

गुरुवार, २२ मे

आकडा उसळला! पहिली गोष्ट चाळीसच्या पुढे, बाकीच्याही पाठोपाठ. आणि काल तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणीतरी सलग ऐकत होतं. एक संपली की दुसरी, पाच संपल्या की पुन्हा पहिली. याला म्हणतात पकड.

न्हाव्याकडे गेलो तेव्हा सहज विषय काढला. न्हावी म्हणाला, वा. त्याच्या हातात वस्तरा नसता तर जास्त बोलला असता.

निश्चय: ग्रंथपाल बोलवायला आले की लगेच हो म्हणायचं नाही. दोन दिवस तंगवायचं. मग अटी घालायच्या. अट पहिली: कुत्र्याने माझ्या तासाला बाहेर बसावं. अट दुसरी: खुर्चीला हात हवेत.

मंगळवार, २७ मे

मुद्दाम बालविभागाच्या खिडकीवरून चक्कर मारली. सतरंजी भरलेली. आज तर दारात रांग. म्हणजे मुलं दिवसभर मला ऐकतात आणि संध्याकाळी भिडेखातर कुत्र्याकडे येतात. भीड किती दिवस पुरणार?

खिडकीतून टिचकी दिसली. कुत्र्याच्या पोटाला टेकून वाचत होती. काच बंद, ऐकू काही आलं नाही. नुसते ओठ हलताना दिसले. बराच वेळ हलत होते. मी तिथे थोडा जास्त उभा राहिलो, कारण पायात गोळा आला होता.

शुक्रवार, ३० मे

वाचनालयातून फोन! उद्या सुट्टीतल्या वाचन उपक्रमाचा समारोप आहे. टॅबताई म्हणाल्या की, आजोबा, नक्की या, तुमच्या गोष्टींबद्दल कोणाला तरी चार शब्द बोलायचे आहेत. मी विचारलं, कुत्रा असेल का? त्या म्हणाल्या, असणारच. उत्तम. त्याच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे.

भाषण तयार. मी सर्वांना क्षमा करतो, असं त्यात आहे. दोनदा.

शनिवार, ३१ मे

काय लिहू?

इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो. शेजारी ही. ग्रंथपाल बोलले, टॅबताई बोलल्या. मग माझ्या गोष्टींबद्दल बोलायला चष्म्याच्या दुकानवाल्या बाई उठल्या. मला वाटलं, शत्रूच्या गोटातूनच शरणागती आली.

बाई म्हणाल्या, मी दिवसभर दुकानात असते. साहेब घरात एकटे असले की रडून बिल्डिंग डोक्यावर घ्यायचे. शेजारी घर सोडा म्हणायला लागले होते. सगळं करून पाहिलं, गाणी लावली, टीव्ही लावला. मग एकदा आजोबांची गोष्ट लावली. एकच वाक्य दोनदा येतं ना, सावकाश, त्याने साहेब इतके शांत होतात! तिसऱ्या वाक्याला घोरतात. आता सकाळी जाताना लावून जाते, परत आल्यावर बंद करते. आजोबांचे फार उपकार आहेत हो.

टॅबताईंनी टॅब बघून आनंदाने सांगितलं की खरंच, एवढे सगळे आकडे एकाच घरातले आहेत. माझ्या घरातले तीन वेगळे.

टाळ्या पडल्या. कुत्र्याने माझा आवाज ओळखला असावा, कारण मी धन्यवाद म्हणताच तो जागेवरच आडवा झाला. पुन्हा टाळ्या पडल्या. भाषण खिशातच राहिलं.

ज्याला विहिरीत ढकललं, तोच माझा एकमेव श्रोता.

मग मुलांचं वाचन झालं. टिचकी पुढे आली. सतरंजीवर बसली, कुत्र्याच्या कानाशी पुस्तक धरलं आणि वाचायला लागली. अडखळली, थांबली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पुन्हा वाचलं. अख्खं पान! दुसरंही! डोंगरला ती डोगर म्हणाली. मी तोंड उघडलं. हिने माझ्या अंगठ्यावर चप्पल ठेवली आणि सगळा भार दिला. टिचकी पुढे गेली. पुढे तोच शब्द पुन्हा आला तेव्हा तिचं तिनेच डोंगर वाचलं.

मी दोन महिन्यांनी तिचा वाचण्याचा आवाज ऐकला. चष्म्यावर धुकं आलं. तिथे एसी फार आहे.

घरी येताना ही म्हणाली, पोरीचं ऐकायचं असेल तर त्या कुत्र्याकडे शिकवणी लावा. मी लंगडत पुढे गेलो. अंगठा दुखत होता.

मंगळवार, ३ जून

टिचकीशी बोलणी केली. मला वाचून दाखवशील का, असं सरळ विचारलं. तिने विचार करायला वेळ मागितला. (तंगवणं ही माझी आयडिया होती.) संध्याकाळी अटी आल्या. वाचन वाचनालयातच. साहेब पुढे बसणार, मी त्यांच्या मागे. मध्ये बोलायचं नाही. हूं सुद्धा म्हणायचं नाही. साहेब म्हणत नाहीत.

मान्य केलं. शत्रूची जवळून पाहणी करायला बरं.

शनिवार, ७ जून

माझ्या जुन्या तासाची वेळ. सुट्टीतला उपक्रम संपला तरी साहेब आता दर शनिवारी येणार आहेत. टॅबताईंनी माझ्या सदऱ्याला बिल्ला लावला. कुत्र्याच्या पट्ट्यावर लिहिलंय, मुख्य श्रोता. माझ्यावर, सहायक श्रोता. अ‍ॅलर्जीचं कसं आहे, असं त्यांनी विचारलं. गेली म्हटलं. खुर्ची नाही, सतरंजीवर बसवलं. उठताना टॅबताई आणि टिचकी, दोघींनी धरलं.

टिचकीने संपूर्ण गोष्ट वाचली. चार ठिकाणी चुकली. चारही माझ्या जिभेवर अजून तशाच आहेत. शेवटी तिने साहेबांना बिस्किट दिलं आणि मला विचारलं, कळली ना गोष्ट? मी मान हलवली. तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला. सवयीने असेल.

घरी येऊन कपाटात बसलो. पहिली गोष्ट नव्याने रेकॉर्ड करून पाठवली. हार वगैरे मुळीच मानलेली नाही, पण श्रोतृवर्गाचा विचार करावा लागतो. शेवट बदलला. हत्तीने सोंड खाली सोडली आणि साहेबांना विहिरीतून बाहेर काढलं. दोनदा.