आईची सही

४ मार्च

आज कामाचा पहिला दिवस! जुन्या शाळेच्या इमारतीत दोन खोल्या, खिडक्यांना जाड पडदे, टेबलावर रेकॉर्डर. साध्यासुध्या माणसांच्या आयुष्याच्या कहाण्या त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या, आणि वर त्याचा पगार मिळतो, यावर आईचा विश्वासच बसेना. एवढं शिकलीस ते लोकांच्या गप्पा ऐकायला? त्या तर जिन्यात फुकट मिळतात, म्हणाली आणि पोट धरून हसली. शेजारच्या काकूंना मात्र ऐटीत सांगत होती, आमची ऑफिसात लागली म्हणून. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आईला लिहिता-वाचता येत नाही, फक्त सही येते. तीही मीच शिकवलेली.

प्रमुख मॅडम शिस्तीच्या आहेत. पद्धत ठरलेली: माणसाला लहानपणापासून आजपर्यंत सलग बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही आणि शेवटी फॉर्मवर सही घ्यायची. ‘माझी कहाणी मी राजीखुशीने संस्थेच्या हवाली करत आहे. यापुढे तिच्यावर माझा हक्क नाही.’ सहीशिवाय काम पुरं झालं असं धरत नाहीत.

रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवणारे एक काका आहेत. वीस वर्षं हेच करतात. म्हणाले, ये बाई, माझे कान पार किटले आहेत, आता थोडे तुझे किटू देत.

११ मार्च

माझी पहिली मुलाखत! शिंपी आजोबा, वय ब्याऐंशी. चार तास बोलले. वडिलांनी हातात कात्री दिली तो दिवस, बायकोसाठी चोरून शिवलेला निळा कोट. सही करून म्हणाले, पोरी, एकदम हलकं वाटतंय बघ. माझेच डोळे भरून आले.

दुपारी काका त्यांच्या होडीबद्दल सांगत होते. पुरात होडी उलटली, बायकोने धरलेला दोर त्यांच्या हातातून निसटला. सांगताना तळहात चोळत होते. इतक्या हसऱ्या माणसाच्या वाट्याला हे आलं असेल असं वाटलं नव्हतं.

१५ मार्च

शिंपी आजोबांच्या सुनेचा फोन. आजोबा कात्री उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, हे काय असतं. निळा कोट दाखवला तर म्हणाले, कुणाचा आहे, परत देऊन या. तुमच्याकडे येईपर्यंत ठणठणीत होते हो, असं ती दोनदा म्हणाली. मी वयाचं कारण सांगितलं. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच आपण वेळेत नोंद करून घेतो.

खरंच आहे. उशीर करून चालत नाही. आईचीही नोंद करायला हवी.

२३ मार्च

रविवार. रेकॉर्डर घरी आणला. आई लाजली. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय, हॉस्पिटलच्या चादरी आणि तू, म्हणाली. मग जी सुरू झाली ती तीन तास थांबली नाही. धुलाईखान्यातली वाफ, इस्त्रीने भाजलेलं मनगट, माझा जन्म, मी शाळेत रडते का हे बघायला कुंपणाबाहेर उभी राहिली तो दिवस.

शेवटी फॉर्म पुढे केला. काय लिहिलंय गं, असं तिने विचारलं. काही नाही, नुसती पद्धत आहे, मी म्हटलं. वाचून दाखवायला हवा होता, पण दोघी दमलो होतो. जीभ दातांत धरून तिने सही केली. सुरेख आली.

२४ मार्च

सकाळी चहा नेला तर आई पदर सावरून उठून उभी राहिली. मला अहो म्हणाली. बसा ना, कुणाकडे आलात तुम्ही?

आधी वाटलं, थट्टा करतेय. तिला थट्टेची सवय आहे.

ती थट्टा नव्हती.

२६ मार्च

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी फॉर्म फाडला, जाळला. काही फरक नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, रेकॉर्डिंग पुसलंस तर ती कहाणी कुठेच उरणार नाही, तेवढं करू नकोस.

काकांना मी विचारलं, तुमच्या बायकोचं नाव काय होतं? ते गोंधळले. मॅडम म्हणाल्या, काकांचं लग्न कधी झालंच नाही. होडीची कहाणी एका नावाड्याची, सतरा वर्षांपूर्वीची. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, कहाणी ऐकणाऱ्याकडे येते गं. तिलाही कुठेतरी राहावं लागतं ना.

२७ मार्च

ठरलं. मी आईचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकणार आणि तिचं तिला सांगणार. काकांसारखं माझं झालं तर झालं. तिने मला एकदा नावाने हाक मारली तरी बास.

३० मार्च

रोज ऐकते, रोज सांगते. आई मन लावून ऐकते. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं — पण ती म्हणाली, बिचारी. पुढे काय झालं हो त्या बाईचं? मुलीने तरी नीट सांभाळलं का तिला?

२ एप्रिल

उजवं मनगट भाजल्यासारखं होतंय. डाग नाही. हातांना ओल्या चादरींचा वास, धुऊनही —

आज मला आठवलं, बाळ झालं तेव्हा नर्सच्या एप्रनची एक गुंडी तुटलेली होती. पिवळा दोरा लोंबत होता.

हे रेकॉर्डिंगमध्ये नाही. आईने सांगितलंच नव्हतं.

५ एप्रिल

माझं कॉलेज. जिना होता. डावीकडे की — कुठला विषय घेतला होता मी? भिंतीवर पदवीची चौकट आहे. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी —

ऐकणं थांबवायला हवं. पण थांबले तर आईचं —

७ एप्रिल

कुंपणाबाहेर उभी होते. आत पोरगी रडत नव्हती. मीच रडले. मी — नाही, आई. आई रडली. आई —

आज काय वार ते कळत नाही. पोरगी ऑफिसातून अजून आली नाही. शिकलेली आहे, शहाणी आहे, येईल. समोर एक बाई बसली आहे, चांगल्या घरची दिसते, मला अहो म्हणते. तिला चहा दिला. ही वही पोरीचीच असणार, सगळी भरून टाकली आहे. मला मेलीला एक अक्षर येत नाही. आली की तिच्याकडून वाचून घेईन आणि विचारीन, हे शेवटचं पान कुणी लि