रथ कुठे आहे, हे मी चालीवरून ओळखलं

उणकल, हुबळी

चि. वत्सलास अज्जाचे पोटभर आशीर्वाद. पुण्यात तुझी दुर्बीण आणि तुझं पोट दोन्ही ठीक चालत असतील, असं धरून चालतो. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतेस. माझी प्रकृती उत्तम. अज्जीचीही असावी. (असावी का, ते पुढे येईल.)

दिवाळीत तू सांगितलेलं मी फार मनावर घेतलं बघ. तव्यावर तिळाची भाकरी फुगत होती नि तू म्हणालीस, अज्जा, विश्व असं ताणतं आणि दीर्घिकांचे थवे या तिळांसारखे लांब लांब जातात. पण ती धाव वजा केली की प्रत्येक थव्याची स्वतःची थोडी चाल उरते, आणि वजन कुठे साठलंय ते ती चाल सांगते, वजन डोळ्यांना दिसत नसलं तरी. (अज्जी म्हणाली, भाकरी गार होतेय. तेही खरंच होतं.) मग विद्यानगरच्या वाचनालयात वाचलं की हे थवे जाळ्यासारखे गुंफलेत, गाठींना गर्दी आणि मध्ये नुसती पोकळी. इतक्या लांबून कोण कुणाकडे ओढलं जातंय हे माणसाला कळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता शिवरात्रीनंतरचा मठाचा रथ. लग्न झाल्यापासून अज्जीने तो एकदाही चुकवला नव्हता. रथावर केळी-खारका उधळल्याशिवाय तिचं वर्ष सुरू होत नाही. यंदा गर्दीत कळससुद्धा दिसेना. मी म्हटलं, दिसायची गरजच काय? एका दुकानाच्या पायरीवर चढलो, जत्रेचा सगळा रेटा मनातल्या मनात वजा केला आणि उरलेली चाल पाहिली. माणसं डावीकडच्या गल्लीत सरकत होती. म्हणजे रथ तिकडे! अज्जी म्हणाली, "अहो, झांजा उजवीकडे वाजतायत." मी म्हटलं, "आवाज फसवतो, ओढ फसवत नाही." गल्लीच्या टोकाला फुकट ताक वाटत होते. (ताक चांगलं होतं. मी दुसरा पेला घेतला, तिथे जास्त बिघडलं.) आम्ही परत येईपर्यंत रथ जागेवर पोचला होता. पिशवीत केळी तशीच. अज्जी एवढंच म्हणाली, "साकु री, पुरे झालं! तुमच्या आकाशापायी माझा देव पुढनं निघून गेला." आणि तिथूनच धारवाडची बस धरून भावाकडे, गोपाळकडे गेली.

ओढ होती हे बरोबरच, पोरी. कशाची, ते मी न बघता ठरवलं. तुम्ही लोक यातून कसे वाचता? (खरंच विचारतो, टोमणा नाही.)

तुझा,
परसू अज्जा

ता. क. लिंबाचं लोणचं मुरलंय, बरणी भरून ठेवलीय.

ता. क. दुसरा : लोणच्यासाठी एवढं लिहिलं नाही. शनिवारी येशील तेव्हा गाडी आधी धारवाडलाच थांबते. तिथे उतर आणि अज्जीला घेऊनच ये. माझं नाव काढू नकोस. भाकरीचं काढ.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तोच गोपाळचा फोन. अक्काने, म्हणजे तुझ्या अज्जीने, आपली पिशवी आतल्या खोलीतून पुढच्या दाराशी आणून ठेवलीय म्हणे. विचारलं तर म्हणते, झाडताना मध्ये येत होती. एवढ्याशा चालीवरून काय समजायचं, ते तू शिकलेली आहेस, तू सांग. मी काहीही ठरवणार नाही. बाहेरच्या दाराची कडी तेवढी काढून ठेवलीय.