आबासाहेब खुर्चीत असताना

१९ जून २००६, सोमवार
सेवापुस्तकात ठपका लागला. प्राचार्यांनी वाचून दाखवला, मी उभ्याने ऐकला. 'परीक्षा विभागाचा संगणक उघडा ठेवून जागा सोडल्याबद्दल.' बी.कॉम. होऊन या कॉलेजच्या ऑफिसात लागले त्याला तीस वर्षं झाली. एका ओळीत आटोपलं.

मार्चमध्ये प्राचार्यांनीच केबिनमध्ये बोलावलं होतं. गेले, आले. तेवढ्यात माझ्या मशीनवरून एका संचालकाच्या पुतण्याचे अंतर्गत गुण आठाचे अठरा झाले. उघडकीला आलं मेमध्ये. नाव माझं, कारण पासवर्ड माझा.

कुणी केलं ते मला ठाऊक आहे. हेडक्लार्क कारंडे. परत आले तेव्हा खुर्ची गरम होती आणि की-बोर्डवर तंबाखूची भुकटी होती. भुकटी हा पुरावा होत नाही म्हणे.

कारंडे केबिनबाहेर उभाच होता. "मनाला लावून घेऊ नगासा, बाई. चुकतंय माणूस."

पुढच्या मे अखेर मी निवृत्त. त्याआधी या माणसाला अध्यक्षांसमोर उभं करायचं. बाकी काही नको. निरोप समारंभही नको.

२४ जून
मंडईत एक बाई भेटली. मुलगा आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला. हसत म्हणाली, "बाई, आमच्या पोराचं बी बघा की जरा. काय असंल ते सांगा." वांगी तिथेच टाकून निघाले.

म्हणजे गावभर झालं. शेटेबाई गुण विकतात.

आमच्या ऑफिसात मशीन बंद करून उठणं म्हणजे शेजारच्यावर संशय घेणं. कुणी चहाला गेला तर दुसरा त्याच्या खुर्चीत बसतो, दाखला काढून देतो, उठतो. सगळे तसेच वागतात. मीही वागले. फळ मला एकटीला.

८ जुलै
मेघा, धाकट्या बहिणीची मुलगी, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, माझ्याकडेच राहते. एम.ई.च्या प्रबंधासाठी तिने एक प्रोग्रॅम लिहिलाय. मॉनिटरवर छोटा कॅमेरा. पासवर्ड टाकून बसलेल्याच्या चेहऱ्यावर तो नजर ठेवतो. चेहरा समोरून गेला की स्क्रीनला कुलूप. अधूनमधून फोटो काढून साठवतो, तिच्या अभ्यासाला. तिला खरंखुरं ऑफिस हवंय.

"कुणाचा चेहरा ते कळतं त्याला?"

"नाही गं, अजून नाही. समोर चेहरा आहे की नाही, एवढंच कळतं."

"कुलूप न लावता नुसता फोटो काढेल?"

"मावशी, हे कुलूप आहे. उंदराचा सापळा नाही."

आमच्या ऑफिसात बसवायच्या परवानगीवर प्राचार्यांनी न वाचता सही दिली. ठपक्यापासून माझ्याकडे बघायचं टाळतात.

१७ जुलै, सोमवार
कॅमेरा बसला. ऑफिस गोळा.

कारंडे : "शूटिंग हाय व्हय, बाई? आमाला बी एखादा रोल द्या की."

सगळे फिदीफिदी हसले.

मी : "तुमचा रोल कधीच ठरलाय, कारंडे."

हा एकटाच हसायचा थांबला. बरं वाटलं.

दिवसभर छळ. पेन उचलायला वाकले, कुलूप. श्रीपती शिपायाशी मान वळवून बोलले, कुलूप. संध्याकाळी मान आखडली. पण उठले की स्क्रीन काळा. कारंडे दोनदा टेबलाजवळून गेला.

१४ ऑगस्ट
कुलूप चोख चालतं. मेघा खूश.

मी नाही. कुलूप आहे म्हणजे तो हात लावणार नाही. हात लावला नाही म्हणजे सापडणार नाही. मेमध्ये मी हार घालून घेणार, हा टाळ्या वाजवणार, आणि माझ्या खुर्चीत बसणार. सुपरिंटेंडेंट कारंडे!

२० नोव्हेंबर, सोमवार
संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांनी त्यांच्या वडिलांचं, संस्थापक आबासाहेबांचं, मोठं तैलचित्र करून घेतलं. गावातल्याच चित्रकाराकडून. आज ते ऑफिसात लागलं, नेमकं माझ्या खुर्चीमागे. दारातून आत येणाऱ्याला पहिले आबासाहेब दिसले पाहिजेत.

काम उत्तम आहे. डोळे असे की कुठेही उभे राहा, आपल्यालाच हिशेब विचारतात. श्रीपतीने झेंडूचा हार घातला. दर सोमवारी घालायचा अशी दादासाहेबांची आज्ञा. हार तोकडा, आबासाहेबांच्या नाकातोंडावरूनच गेलाय. सगळ्यांनी हात जोडले.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
काल प्राचार्यांकडून परत आले तर स्क्रीन उघडा. गुणांचं पान तसंच. आज परत तेच.

२८ नोव्हेंबर
मेघा येऊन तपासून गेली. काल-आज कुलूप बिनचूक लागतंय. "तू नीट बघितलंस ना, मावशी?" मी खोटं बोलते असं कुणी सुचवलं की माझं डोकं फिरतं. तिच्यावरही ओरडले.

३० नोव्हेंबर, गुरुवार
उलगडलं.

सकाळी श्रीपतीने सुकलेला हार काढला. मी उठून टेबलाच्या कडेला उभी राहिले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. मेघाने कोपऱ्यात एक छोटी खिडकी ठेवलीय, त्यात माझ्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन असतो. मी बाजूला झाले तसा तो चौकोन जरा घुटमळला आणि मागे भिंतीवर जाऊन आबासाहेबांच्या चेहऱ्यावर बसला. कुलूप नाही. प्रोग्रॅमच्या मते खुर्चीत माणूस आहे.

हार असला की नाकतोंड झाकलेलं, मग चेहरा सापडत नाही, कुलूप लागतं. हार सुकून उतरला की आबासाहेब कामावर हजर. म्हणजे सोमवार ते बुधवार कुलूप, गुरुवार ते शनिवार उघडं.

टेबलाशी उभी राहून एकटीच हसले. किती महिन्यांनी!

मेघाला सांगायला हवं. शनिवारी निवांत सांगेन.

२ डिसेंबर, शनिवार
सांगितलं नाही. तिने विचारलं तर म्हटलं, माझीच नजर चुकली असेल, चोख चालतंय.

७ डिसेंबर, गुरुवार
खात्री करून घ्यायची होती. "श्रीपती, बसा जरा माझ्या खुर्चीत. पंखा लागतो का बघायचंय."

"तुमच्या खुर्चीत? नगं बाई, पाप लागंल."

"बसा म्हणते ना."

बसला, हात मांडीवर, लग्नाला उभा राहिल्यासारखा चेहरा. चौकोन आबासाहेबांवरून सुटून त्याच्यावर आला आणि फोटो साठवला गेला. दोनदा तपासलं.

मेघा कुलूप द्यायला निघाली होती. आबासाहेबांनी सापळा दिला.

११ जानेवारी २००७, गुरुवार
पहिल्या सत्राचे अंतर्गत गुण भरून झाले. तो पुतण्या यंदा पुढच्या वर्गात. वीसपैकी नऊ. पान उघडं ठेवून लायब्ररीत जाऊन बसले. कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारची वाट बघायची. वाट बघता येते मला.

१६ जानेवारी
कारंडे तिळगूळ घेऊन आला. "गोड बोला, बाई. झालं गेलं इसरा."

घेतला. "बोलू की. वेळ येऊ दे."

तोंडात टाकला, त्याच्यासमोर चावून खाल्ला.

२५ जानेवारी, गुरुवार
उद्या झेंडावंदन, म्हणून सगळे मैदानावर तालमीला. मी मुद्दाम जिन्यातून ओरडले, "श्रीपती, मी खाली आहे, वेळ लागेल." कारंडे मागे रेंगाळला. कागद शोधत होता म्हणे.

परत आले. खुर्ची मागे सरकलेली. नवाचे एकोणीस!

आधी प्राध्यापकांच्या सहीच्या तक्त्यावरून नऊ परत भरले. मग फोटो उघडले. आबासाहेब. आबासाहेब. आबासाहेब. आणि मग कारंडे. चष्मा कपाळावर. पुढच्यात दाराकडे बघतोय. पुढच्यात ओठात जीभ धरून एका बोटाने टाइप करतोय, पहिलीतलं पोर पाटी गिरवतं तसा. शेवटच्यात अर्धा उठलेला.

पेन ड्राइव्हवर घेतले. घरी जाता जाता राजारामपुरीत स्टुडिओत मोठी प्रत काढली, चकचकीत कागदावर. पोरगेला स्टुडिओवाला म्हणाला, "नातेवाईक का, मॅडम?"

"हो. जवळचे."

घरी फोटो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि त्याच्यासमोर बसून जेवले. दोन घास जास्त गेले.

२७ जानेवारी, शनिवार
दादासाहेबांना निरोप धाडला होता, पुरावा आहे म्हणून. गुरुवारी अकराला बोलावलंय. मला आणि कारंडेलाही.

दुपारी मेघा ऑफिसात आली, प्रबंधासाठी साठलेले फोटो घ्यायला. मला ते सुचलंच नव्हतं. ती बघत गेली. रिकामी खुर्ची आणि आबासाहेब, पानंच्या पानं. तिला एका क्षणात कळलं.

"हे चित्र कधी लागलं, मावशी?"

"नोव्हेंबरात."

"आणि तुला कधी कळलं?"

मी फाइल बांधत राहिले.

"मावशी, मी मुद्दाम येऊन तपासून गेले होते. तू माझ्यावर ओरडलीस."

"तेव्हा माहीत नव्हतं."

"नंतर झालं ना? माझ्या गाइडना मी लिहून दिलंय, एकदाही चुकला नाही म्हणून. तुझ्या शब्दावर."

मग कारंडेचे फोटो आले. मी म्हटलं, आता तरी बघ. बघितले. सगळे कॉपी करून घेऊन गेली.

२८ जानेवारी
मेघाने स्वतःपुरता चहा केला. मी धपाटे केले होते, तिने ताट सरकवून ठेवलं. एवढीशी असल्यापासून माझ्या हातचं खाते.

कारंडेचा फोटो डब्यापाशी होता. तो आत कपाटात ठेवला.

२९ जानेवारी, सोमवार
शांतपणे विचार केला.

नुसता फोटो नेला तर कारंडे म्हणेल, संगणकावरची करामत आहे, भाचीकडून करून घेतली. मेघाने येऊन सांगितलं तरच फोटो खरा. पण दादासाहेबांचा पहिला प्रश्न येणार, कुलूप असताना मशीन उघडं कसं? त्याचं उत्तर आबासाहेब. दुसरा प्रश्न, बाई, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

नकळत उघडं राहिलं तर ठपका. जाणूनबुजून ठेवलं तर निलंबन. तेही निवृत्तीला चार महिने असताना.

मेघा खोटं बोलणार नाही. मीच वाढवलीय तिला.

आज ऑफिसात कारंडे माझ्या टेबलाला वळसा घालून जातोय. गुरुवारचं बोलावणं त्यालाही पोचलंय. पाण्याचा पेला भरला आणि न पिताच ठेवून दिला. मी टक लावून बघितलं. एवढ्यासाठी निलंबनसुद्धा परवडेल, असं त्या क्षणी वाटलं. अजूनही वाटतं.

३१ जानेवारी
संध्याकाळी मीच विषय काढला. "उद्या येशील?"

"येईन. फोटो खरे आहेत हे सांगेन."

"आणि विचारलं तर?"

"तर सगळं सांगेन."

"सगळं?"

"मावशी, पोरांचे गुण होते ते. आमिष म्हणून तू पोरांचे गुण उघडे टाकलेस. त्याने त्या पुतण्याऐवजी दुसऱ्या कुणाचे कमी केले असते तर?"

"मी तक्त्यावरून तपासते."

"आणि तू खालून परत आलीच नसतीस तर? पाय घसरून जिन्यात पडली असतीस तर?"

"पडले नाही."

"कारंडे पण हेच म्हणाले असतील ना, काही बिघडलं नाही म्हणून?"

कारंडेच्या नावाशी माझं नाव जोडलं म्हणून हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. मारलं नाही. ती हललीही नाही.

मग म्हणाली, "नको जाऊस. मी माझ्या प्रबंधात चूक लिहीन, चित्रामुळे चुकला म्हणून. तुझं नाव येणार नाही. मेमध्ये सुखाने बाहेर पड."

आणि मंडईत लोक हसत राहतील. आणि तो माझ्या खुर्चीत.

"साडेदहाला निघू," म्हटलं.

१ फेब्रुवारी, गुरुवार
अध्यक्षांच्या दालनाबाहेरच्या बाकावर. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून लिहिते आहे.

मेघा शेजारी. लॅपटॉप मांडीवर. सकाळी तिने माझी साडीची पिन लावून दिली.

कारंडे समोरच्या बाकावर. नवीन शर्ट, घडी मोडलेली नाही. मेघाकडे बघून विचारलं, "भाचीबाई कशापायी आल्या?"

"कॅमेऱ्याचं सांगायला," मी म्हटलं. "तो फोटोही काढतो."

काय ते त्याने ओळखलं. मग जरा पुढे झुकून, हळू आवाजात, "बाई, माझ्या मनानं न्हाई केलं मी. वरनं सांगावा आलता. तुमाला बी ठावं हाय कुणाचा पुतण्या त्यो. आत ज्यांच्या म्होरं जातासा, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतंय ते."

हे मला का सुचलं नाही? तो संचालक तर दादासाहेबांच्याच गोटातला. वर्षभर मी याच्याच तोंडाकडे बघत बसले.

मेघाने ऐकलं. पहिल्यांदा आज माझ्याकडे बघितलं. "मावशी, अजून परत फिरता येईल."

कारंडे हात जोडतोय. हे मला बघायचं होतं. बघितलं. पुरलं नाही.

श्रीपतीने दार उघडलं. आत दोन आवाज आहेत, एक दादासाहेबांचा. दुसरा कुणाचा ते ओळखू येत नाही. "बाई, आदी कोन येतंय इचारत्यात."

मेघाला म्हटलं, लॅपटॉप उघड. फोटो पहिल्यापासून लाव, रिकाम्या खुर्चीपासून. कारंडेपासून नको.

मी आधी जाते.