सहाव्या खुर्चीची मागची पट्टी

दि. ९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

चि. भिंगरीस,

दादाचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा जिने सोडून बाकी सगळीकडे चालतो, असं तिचं म्हणणं. भावोजी आणि मुली बऱ्या असतील.

तुझं कार्ड मंगळवारी पोचलं. पावणेतीन वर्षांनी आलेल्या पत्रात पाच ओळी, आणि त्यांना मायना नाही. 'खुर्च्यांच्या बैठका दबल्या आहेत. एक करकरते. फोम आणि कापड मीच बदलणार आहे. पिना मारायचं मशीन कोणतं घ्यावं? दुकानदार तीन दाखवतो.' मी ते उलटसुलट करून पाहत बसलो, तर वहिनी म्हणाली, "विचारलंय ना तिनं? मग उत्तर द्या. मास्तरांसारखे चुका काय शोधताय!" म्हणून सविस्तर लिहितो. भावोजींना मी त्याच दिवशी फोन केला होता, की पाचही खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि कुणालाही बसू देऊ नका, मुलींना तर नाहीच. त्यांनी कारण विचारलं. पत्रात लिहितो म्हणालो.

आधी मशीन.

ती तीन म्हणजे हातानं दाबायचं, विजेच्या वायरचं आणि हवेचं, असं धरून चालतो. हाताचं स्वस्त पडतं, पण त्याची स्प्रिंग दाबायला पंजात जोर लागतो. पहिल्या खुर्चीतच तुझा अंगठा संपावर जाईल, आणि पुढच्या पिना अर्ध्या वर राहतील. मग त्या हातोडीनं ठोकायच्या, आणि ठोकलेली पिन म्हणजे वाकलेली पिन. हवेचं माझ्याकडे आहे. ते कडक लाकडातही लोण्यात शिरल्यासारखं शिरतं. पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, तो घरात ट्रक उभा केल्यासारखा घुरघुरतो, आणि हवेचा दाब जरा जास्त राहिला की पिन कापड कापूनच आत जाते. पाच खुर्च्यांसाठी एवढा संसार मांडू नकोस. बॅटरीचंही मिळतं, पण जड असतं. मनगट जाईल.

तू वायरचं घे. चौदा मिलिमीटरपर्यंतची पिन घेतं का ते बघ. जोर कमीजास्त करायचं चक्र हवं. नाक, म्हणजे पिन जिथून बाहेर पडते ती जागा, पुढे आलेलं हवं, नाहीतर कोपऱ्यात पोचत नाही. खोक्यावर छापलेल्या कशावरही विश्वास ठेवू नकोस. कडक लाकडाचा तुकडा घरून ने आणि दुकानातच दहाबारा पिना मारून बघ. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. मी एका दुकानात एकतीस मारल्या होत्या. तो म्हणाला, "साहेब, आता बाकीची खुर्चीही इथंच करून न्या."

कापडाला आठची पिन पुरते. फोमच्या खाली जी नवार ताणलेली असते, तिला बाराची. मशीनचं नाक लाकडावर पक्कं दाबून मगच चाप ओढ. आणि पिना तिरक्या मार.

हे शेवटचं वाक्य मी तीन वेळा खोडलं आहे. आता राहू देतो आणि पुढचंही लिहितो.

बैठकीच्या चौकटीला पुढे एक आणि मागे एक पट्टी असते. सगळ्यांचं वजन नवारीतून त्या दोन पट्ट्यांवर येतं. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीनं धावतात. पिना एकामागे एक सरळ ओळीत मारल्या, तर प्रत्येक पिनेचे दोन्ही पाय त्याच एका रेषेत शिरतात. बाहेरून काही दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांनी पट्टी त्या ओळीवरून फाटते. तिरक्या मारल्या, तर पाय वेगवेगळ्या रेषांत जातात. दिसायला गबाळं दिसतं, पण टिकतं.

हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तुझ्याकडे आहेत त्या खुर्च्या मी करत होतो, उलट्या ठेवून नवार ताणत होतो, तेव्हा समोरच्या गल्लीतला मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. मी फूटपट्टी लावून पेन्सिलीनं रेघ आखली होती आणि बरोबर रेघेवर पिना मारत होतो, दोन पिनांत सहा मिलिमीटर, केसाचा फरक नाही.

"साहेब, एवढं सरळ नका मारू. लाकूड फाटेल."

"तुम्हाला सरळ मारता येत नाही, म्हणून ही सबब का?"

तो हसला. "बरं. तुमची खुर्ची, तुमचं लाकूड," म्हणाला आणि गेला.

कुणाच्या हाताखाली न राबता मी सहा खुर्च्या केल्या, हे मी येईल त्याला खुर्ची उलटी करून दाखवायचो. उलटी करून, भिंगरे. ती ओळ दिसावी म्हणून.

पुढे एक दिवस आई त्यातल्या सहाव्या खुर्चीवर जेवायला बसली आणि बैठक खाली गेली. ती मागे आडवी झाली, खुबा मोडला. आदल्या दिवशी तू पडदे काढायला त्याच खुर्चीवर उभी राहिली होतीस. दवाखान्यात मामा आणि मावशीच्या देखत मी जे बोललो, ते इथं लिहून देतो, म्हणजे पुढे मला नाकारता येणार नाही. मी म्हणालो, "हिला शंभरदा सांगितलं खुर्चीवर चढू नको. हिनं खिळखिळी केली आणि आई पडली." तू म्हणालीस, "दादा, मी पाय कडेवर ठेवले होते, मधे नाही." मी म्हणालो, "खुर्ची बसायला असते." मावशीनं तुझ्याकडे पाठ फिरवली.

त्याच संध्याकाळी मी घरी येऊन खुर्ची उलटी केली. मागची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली होती, माझ्या रेघेवरून. पेन्सिल अजून दिसत होती. पट्टी काढून माळ्यावर टाकली आणि वहिनीला सांगितलं, मोडकी खुर्ची भंगारात दिली.

आई आठ महिने अंथरुणावर होती. मी कूस बदलून द्यायचो तेव्हा म्हणायची, "पोरीनं मुद्दाम नाही केलं रे. तू तिच्यावर राग धरू नकोस." मी म्हणायचो, "नाही धरत." दर वेळी एवढंच. ती तुला माफ करत राहिली आणि मी तिची उशी सारखी करत राहिलो.

उरलेल्या पाच खुर्च्या तिनं जाण्याआधी तुला द्यायला सांगितल्या. टेम्पोत चढवताना दोऱ्या मी बांधल्या, तेव्हाही बोललो नाही. मनाला समजावलं की ती एकच पट्टी कच्ची होती. तसं नाही. पाचांनाही तीच रेघ आहे, आणि जी करकरते तिची सुरुवात झाली आहे. हे भावोजींना फोनवरच सांगायला हवं होतं.

या पत्रासोबतच्या पार्सलमध्ये दहा नव्या पट्ट्या आहेत, रंधा मारून, खुणा घालून. तुमच्याकडच्या मिस्त्रीकडून बसवून घे, आणि तो जे सांगेल ते ऐक. फडक्यात बांधलेली अकरावी पट्टी फाटलेली आहे. ती बसवायची नाही. ती तुझ्याकडे असावी.

मामांना आणि मावशीला मी हे सगळं वेगळं लिहिलं. ती पत्रं शुक्रवारीच पेटीत टाकली, म्हणजे हे फाडायची सोय राहू नये. आत्ता वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि आईंना कोण सांगणार?"

तुझ्याकडून काही मागत नाही. मायना न लिहिता कार्ड टाकलंस तरी चालेल. पट्ट्या पोचल्या आणि तोवर मुली खाली बसून जेवतात, एवढं कळव.

पडदे काढताना तू पाय कडेवरच ठेवले होतेस.

दादा