बॅटरी भरली की बंद

१७ फेब्रुवारी
आज आमच्या गॅरेजात रिक्षाचालक हाफिजारच्या बॅटरीचं झाकण उडालं. बॅटरी कधीच भरली होती, तरी चार्जर चालूच. सकाळी आला आणि चालू चार्जरचाच चिमटा ओढला — ठिणगी पडली, साचलेल्या गॅसने पेट घेतला. ॲसिड हातावर, लुंगीवर. मी पाणी ओतत राहिले. डोळे वाचले, अल्लाची मेहेर.

आमच्या मुनियाचे अब्बा भिंतीला टेकून उभे. वेळेवर चार्जर बंद करता यावेत म्हणूनच ते हिवाळ्यापासून तिथे झोपतात. म्हणाले, "खोकून खोकून पहाटे कुठे डोळा लागला गं."

१८ फेब्रुवारी
सगळ्या रंगपूरभर इझीबाइकच्या, म्हणजे या विजेवरच्या रिक्षांच्या, बॅटऱ्या अशाच भरतात. माणूस जागा राहतो, नाहीतर नशीब जागं राहतं. यांचा खोकला त्या गॅसचाच. ॲसिडच्या वासात रोज झोपायचं, दुसरं काय होणार?

माझा मामेभाऊ शफिउल भाताच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन आहे. त्याला सांगितलं, बॅटरी भरली की आपोआप बंद होईल असं काहीतरी बसव. म्हणाला, "आपा, बसवतो. पण दाजी हात लावू देतील का?"

२१ फेब्रुवारी
यांनी नाहीच लावू दिला. "यंत्राला काय कळतं? मी वासावरून सांगतो बॅटरी भरली की नाही."
मी म्हटलं, "मग हाफिजारची बॅटरी भरल्याचं सांगायचं होतं."
जेवताना सुक्या मासळीच्या सिदलची चटणीसुद्धा तशीच ठेवून उठले.

२६ फेब्रुवारी
शफिउलची पेटी बसली! एका गाडीवर, आधी बघायला, एवढ्यावर हे कबूल झाले. पाच बॅटऱ्यांचा दाब बहात्तर व्होल्टला गेला की पेटी तिथेच धरून ठेवते. आत जाणारा करंट उतरला, म्हणजे बॅटरी खरीच भरली, की चार्जरची वीज तोडते.

२७ फेब्रुवारी
नाही तोडली. आतला वीज तोडणारा रिले चिकटून बसला. बॅटऱ्या हात लावू नये इतक्या तापल्या, सडक्या अंड्यांचा वास. यांनीच मेन बंद केला. मला वाटलं आता बोलतील. पण खोकत परत चटईवर जाऊन पडले, तेच जास्त लागलं.

३ मार्च
शफिउलने रिलेच्या जागी जास्त करंट सोसणारा मोठा कॉन्टॅक्टर घातला. वर टायमर — पेटी चुकली तरी ठरल्या वेळी वीज जाणारच. बॅटरीला चिकटवलेला एक बारका स्विच, ती तापली की तोही वीज तोडतो. गॅस बाहेर ओढायला भिंतीत पंखा. चालकांना दम दिलाय: आधी वीज बंद, मग चिमटा. विडी ओढायची तर रस्त्यावर.

१२ मार्च
रोज बंद होतंय. हाफिजार पट्टी बांधलेल्या हाताने पेटीला सलाम करतो. "भाभी, हिला पण जेवायला वाढा." हेसुद्धा हसले. मग खोकला आला, हसणं राहिलं.

१९ मार्च
सगळ्या गाड्यांना पेट्या बसल्या. गॅरेजात आता वास म्हणून नाही. यांना म्हटलं, आजपासून घरी झोपा. "बघू," म्हणाले, आणि चटई घेऊन तिकडेच गेले.

२४ मार्च
अजून तिकडेच. वास गेला, जागरण गेलं, खोकला तसाच. माझ्या मनात नाही नाही ते येतंय. तिकडे काय आहे असं? आज चटई-उशी धुवायच्या निमित्ताने उचलून आणली. उशीच्या अभ्र्यात रुमाल होता. रक्ताचे डाग, जुने आणि ताजे.

यांच्यासमोर ठेवला. यांनी तो उचलून मुठीत धरला. मग म्हणाले, "बॅटऱ्या नुसतं निमित्त. थोरल्या भावाला क्षय झाला होता, त्याच्या मागोमाग त्याच्या पोराला. मुनिया तुझ्या कुशीत झोपते. मी कसा येऊ घरी?"

२५ मार्च
सरकारी दवाखान्यात यांची थुंकी तपासायला दिली.

२८ मार्च
क्षयच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या बरा होतो, गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. माझी आणि मुनियाचीही तपासणी झाली. आम्ही दोघी ठीक. आम्ही ठीक असल्याचं सांगितलं, तर मुनियाच्या अब्बांनी गॅरेजच्या पायरीवर बसून तोंड झाकून घेतलं.