चित्राहुतीचा भात आणि डायरेक्टरसाहेब

प्रिय बाबा,

आज तुमच्या टाकीत पुन्हा गप्पी मासे आले. ही बातमी आधी तुम्हालाच सांगायची होती, म्हणून ऑफिसला दांडी मारून लिहायला बसले आहे.

रिटायर होऊन गुरुग्रामच्या या फ्लॅटमध्ये आलात आणि जेवणाच्या टेबलाशेजारी तुम्ही ही टाकी मांडलीत. माशांना तुमच्या मंत्रालयातली पदं वाटलीत. काळा मॉली म्हणजे डायरेक्टरसाहेब! ज्यांना जन्मभर 'येस सर' म्हणालात, त्यांना पाण्यात ठेवायची हौस भागवलीत ना?

पण वाढलंत काय, तर चित्राहुतीचा भात! ताटाशेजारी ठेवलेली शितं जेवण झालं की थेट टाकीत. पाणी पेजेसारखं व्हायचं आणि तुम्ही म्हणायचात, "मुग्धा, बिल्कुल काळजी करू नकोस, पुण्य मुरतंय." अहो बाबा, भात सडत होता तो!

तुम्ही गेलात आणि तुमची सवय अख्ख्या सोसायटीने उचलली. भेटायला येणारा प्रत्येक जण टाकीपाशी थांबायचा. "अंकलजी की मछलियाँ भूखी होंगी, बेटा," म्हणत शेजारच्या आंटी चिमूटभर दाणे टाकायच्या, मागून त्यांचे मिस्टर, त्यामागून आणखी कोणी. अशा वेळी कोणाला नको म्हणणार? तेराव्यापर्यंत डायरेक्टरसाहेब एकटे उरले.

आईने टाकीवर टॉवेल टाकला. "हाही गेला की टाकी देऊन टाक कुणाला तरी," म्हणाली. टेबलावर बसणं तर तिने केव्हाच सोडलं होतं. ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खायची. मला तिचा राग यायचा आणि तुमचाही. असं न सांगता कोणी जातं का?

मग मी पदर खोचला. हा मॉली जगवायचा म्हणजे जगवायचाच! टँकरच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून ते पाणी आधी दिवसभर बादलीत उघडं ठेवू लागले. टाकीतलं पाणी थोडंथोडंच बदललं, सगळं एकदम कधीच नाही. दाणे साहेब लगेच संपवतील तेवढेच.

फिल्टरच्या स्पंजवरून मात्र आईशी जुंपली. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, कारण पाणी चांगलं ठेवणारे जिवाणू त्यातच राहतात. आईला कुठलं पटायला? "शी, किती कळकट! दे इकडे, साबणाने घासते." दिवाळीची सफाई निघाली होती तिची! मी तो तिच्या हातातून हिसकावूनच घेतला.

पाणी नितळ झालं, साहेब पुन्हा ऐटीत फिरू लागले. तरी गप्पी आणायची घाई केली नाही. आज आणले, तेही पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवून मगच सोडले. मला आता जमतं, बाबा. तुमच्यापेक्षा चांगलं जमतं!

दुपारी आई ताट घेऊन टेबलाशी आली आणि तुमच्या खुर्चीत बसली, माशांच्या शेजारी. मी बघत होते. तिने भाताची चार शितं उचलली, हात टाकीच्या झाकणापर्यंत गेला. मी तोंड उघडणार, तोच तिने ती खिडकीत ठेवली आणि हळूच म्हणाली, "अहो, त्यांना भात नाही चालत."

मग पोटभर जेवली. मला रडू आलं.

बाबा, शब्द देते. या टाकीत पुन्हा भाताचं शीत पडणार नाही, आणि आई पुन्हा उभ्याने जेवणार नाही.

तुमची, आणि आता डायरेक्टरसाहेबांचीही,
मुग्धा