साठ लाखांचा मेहेर

रंगून, ८ फेब्रुवारी २०२४

ती. अब्बांस नबीलाचा सलाम, वि. वि.

फोनवर लष्कराचे कान असतात, म्हणून हे पत्र आपल्या गावच्या खलाशाकडे, विनोदकडे, त्याच्या जहाजावरून पाठवते. तुमचे लाडके जावई अमन गेल्या महिन्यात क्रांतिकारकांबरोबर जंगलात गेले. मी अडवलं नाही. इथले लोक पोटाला चिमटा काढून लढ्याला पैसे देतात, पण इथल्या क्यातच्या नोटेची किंमत रोज घसरते. सरहद्दीपलीकडून औषधं आणायला जाईपर्यंत वर्गणी निम्मी झालेली असते. म्हणून लढ्यासाठी वर्गणी गोळा करणारी समिती आता सोनं मागते. अम्मीने दिलेल्या चार बांगड्या मी देऊन टाकल्या. ओरडा, पण आधी जेवून घ्या.

तुमची दुवा पाठीशी राहू दे.
नबीला

मिरकरवाडा, २ एप्रिल २०२४

चि. नबीलास अब्बाच्या अ. दुवा.

कसलं जेवण? बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनापाशी भाजून निघालो, तेव्हा त्या बांगड्या झाल्या. परक्या मुलखाच्या लढाईत उधळायला नव्हत्या. तुझी अम्मी माझ्याशी धड बोलत नाही. पोरगी एवढ्या लांब दिलीत कशाला, एवढंच विचारते.

अमनला सांग, जीव द्यायचा तर खुशाल दे, आधी निकाहात बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम, तिचा मेहेर, चुकता कर. चार वर्षांपूर्वी तो क्यातमध्ये मीच बांधून घेतला. साठ लाख! आकडा ऐकून सगळी जमात माना वळवून बघत होती आणि मी फुगलो. तेव्हा त्यात सात तोळे सोनं आलं असतं, आज दोन तोळेसुद्धा येत नाही. मला त्या नोटा नकोत, सात तोळे सोनंच हवं. ते विकून तिकीट काढ आणि घरी ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
अब्बा

रंगून, ११ जून २०२४

अब्बांस सलाम.

वाचून हसतील म्हणून तुमचं पत्र मी अमनकडे धाडलं. ते हसले नाहीत. गेल्या महिन्यात लपतछपत आले, दुकानातला हिस्सा भावाला विकला आणि सात तोळे सोनं माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, अब्बांचं खरं आहे, नोटा देणं म्हणजे तुला फसवणंच. परत जाताना लष्कराच्या नाक्यावर पकडले गेले. चौथ्या दिवशी तुरुंगातून ते गेल्याचा निरोप आला. मय्यतसुद्धा दिली नाही.

शेजारणी जमल्या आणि रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, गेलेल्यावर कर्ज राहू नये, आता मेहेर माफ कर. मी सांगितलं, पूर्ण चुकता झालाय.

ते पत्र माझ्याच हातून गेलं, हे मी विसरत नाही. पण लिहिलं तुम्ही होतं. तिकीट काढलेलं नाही. सातही तोळे समितीला दिले.

अम्मीला सलाम सांगा. तुम्ही यापुढे विनोदकडे पत्र देऊ नका.
नबीला